दोन वर्षांची विद्या

गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे नाव जुन्या दप्तरांत आढळते ते जमीनदारीच्या संबंधाने. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली वैनगंगेच्या पूर्वेस जो झाडीचा मुलूख होता, त्यात कामठ्याची जमीनदारी मातबर गणली जाई. १८१८ साली, अप्पासाहेब भोसल्यांची सत्ता ढासळत असता, येथील जमीनदार चिमणा पटेल याने इंग्रजांच्या हुकुमतीविरुद्ध शस्त्र उचलले, त्याचा पाडाव झाला, आणि पुढे ही जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली, एवढी हकीकत भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात नमूद आहे. त्यानंतरच्या काळात लहरीबाबांच्या आश्रमामुळे भाविकांची पावले या गावाकडे वळली. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, इंग्रजांनी शेजारच्या बिरसी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली, तिच्यावर पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. त्यामुळे या परिसरातील बांध्यांत रोवणी करणाऱ्या बाईच्या डोक्यावरून शिकाऊ वैमानिकाचे छोटे विमान घिरट्या घालीत जाते, याचे येथे कोणाला नवल वाटत नाही.

आकाशातल्या त्या विद्यार्थ्यांविषयी जेवढे कुतूहल पंचक्रोशीत आहे, तेवढे जमिनीवरच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीविषयी असल्याचे दिसत नाही, आणि हा लेख तिच्यासाठी आहे. थोडीशी धानाची शेती, पाऊस चुकला की मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाण्यावर भिस्त, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफुले, अशा संसारातली ही मुलगी बारावी उत्तीर्ण होते, आणि पुढे काय, या प्रश्नाला घरातून जी दोन-चार उत्तरे मिळू शकतात त्यांपैकी एक असते, ‘नर्सिंगला जाणे’. नर्सिंग म्हणजे येथे बहुधा एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. चार वर्षांच्या पदवीचा खर्च घराला झेपत नाही, तीन वर्षांच्या जीएनएमला, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका या अभ्यासक्रमाला, जाण्याइतका धीर वडिलांना नसतो. दोन वर्षांत मुलगी हाताशी येईल, सरकारी नोकरी लागली तर घराचे भाग्य, न लागली तरी खाजगी दवाखान्यात काम मिळेल, असा तो हिशेब असतो. त्या हिशेबात मला काही उणे दिसत नाही. उणे आहे ते त्या मुलीच्या विद्येकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत. कारण त्या दोन वर्षांत ती जे शिकते, त्याच्या आधारावर या राज्यातील खेड्यांचे आरोग्य गेली कित्येक दशके उभे आहे, आणि तरीही ही विद्या अर्धवट शिकलेल्यांची, म्हणून हलकी, असा समज सुशिक्षितांतही दृढ आहे.

महाराष्ट्रात स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याची सुरुवात मुंबईत झाली. १८८६ साली कामा रुग्णालयाच्या आश्रयाने परिचारिकांच्या शिक्षणाचा प्रारंभ झाला, आणि १८९१ साली बाई काशीबाई गणपत या जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयात शिकावयास आल्या, त्या तेथील पहिल्या भारतीय विद्यार्थिनी म्हणून परिचर्येच्या इतिहासात ओळखल्या जातात. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन स्थापन केले, आणि त्याच्या विद्यमाने लवकरच ससून रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. रुग्णालयाची पायरी चढणेही जेथे घराण्याला कमीपणा आणणारे मानले जाई, तेथे विधवांनी आणि परित्यक्तांनी रोग्याच्या उशाशी रात्रभर उभे राहावे, परक्या पुरुषाच्या जखमा धुवाव्यात, आणि त्याबद्दल वेतन घ्यावे, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता निवर्तल्या होत्या, आणि ती आठवण तेव्हा फार जुनी नव्हती.

विदर्भापुरते बोलायचे तर या विद्येला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा मान कमलाताई होस्पेट यांचा. बालपणी विवाह, अल्पवयात वैधव्य, आणि त्यानंतर नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्या व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण, अशा क्रमाने आयुष्य घडलेल्या या स्त्रीने वेणूताई नेने यांच्या साहाय्याने १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला. डॉक्टर नव्हे, तर प्रसूतिशास्त्र शिकलेली परिचारिका एवढ्याच अधिकारावर त्यांनी एक सूतिकागृह उभे केले, आणि त्यातून पुढे शाखांचा, शाळांचा, अनाथ बालकांच्या संगोपनाचा मोठा व्याप उभा राहिला. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी, सर्वांत कोंदट खोली, आणि तिच्याजवळ जाणारी दाई म्हणजे विटाळाची धनीण, अशी ज्या समाजाची रीत होती, त्या समाजातील एक तरुण विधवा त्या खोलीत स्वच्छ कपडे, उकळलेले पाणी आणि शिक्षित हात घेऊन शिरली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. प्रसूतीचे काम ज्या दाया पिढ्यानुपिढ्या करीत आल्या त्या बहुतेक दलित आणि गरीब जातींच्या स्त्रिया होत्या. ज्या घरांतली मुले त्यांच्या हातांनी जन्मली त्या घरांनीच त्यांना दाराबाहेर उभे केले. मध्यमवर्गातील स्त्रिया या व्यवसायात आल्यावर त्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती त्या दायांच्या वाट्याला कधी आली नाही. आज कामठ्याच्या परिसरातून एएनएमला जाणाऱ्या मुलींत पोवार, लोधी, कुणबी घरांतल्या मुली असतात तशा बौद्ध आणि गोंड घरांतल्याही असतात, एकाच वसतिगृहात राहतात, एकाच वॉर्डात एकाच बाळंतिणीची खाट सारखी करतात. जातीच्या इतिहासाशी ज्याचा परिचय आहे त्याला या दृश्याचे मोल सांगावे लागणार नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा जो आराखडा मांडला, त्यात परिचारिकांची आणि प्रसविकांची भीषण टंचाई हा एक मुख्य मुद्दा होता. १९४७ च्या अधिनियमाने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली, आणि १९५१ साली पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयात एएनएमचा दोन वर्षांचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. खेड्यात राहणारी, खेड्यातच काम करणारी, बाळंतपण करू शकणारी परिचारिका थोड्या काळात आणि थोड्या खर्चात तयार करावी, ही त्यामागची कल्पना. आणि ती कल्पना मुळात अगदी योग्य होती. पुढे करतारसिंग समितीने १९७३ मध्ये या परिचारिकेला, म्हणजे आरोग्य सेविकेला, बहुउद्देशीय करण्याची शिफारस केली. लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, नोंदी, सर्वेक्षण अशी एकेक जबाबदारी तिच्याकडे येत गेली, आणि १९७७ च्या सुमारास अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणला गेला. काम वाढले आणि शिक्षण घटले. घटले ते मुख्यत्वे प्रसूतिशास्त्राचे. याचा परिणाम असा झाला की पुढे एका पिढीनंतर नोकरीत असलेल्या सेविकांना कुशल प्रसूतीचे एकवीस दिवसांचे वेगळे प्रशिक्षण देण्याची तजवीज शासनाला करावी लागली. आता अठरा महिने शिक्षण आणि सहा महिने आंतरवासिता मिळून अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे. मधल्या काळात जी मुलगी अपुऱ्या तयारीने अंधाऱ्या रात्री एखाद्या अडलेल्या बाईपाशी एकटी बसली असेल, तिच्या मनःस्थितीचा विचार त्या निर्णयाच्या वेळी कोणी केला होता असे मला वाटत नाही.

या दोन वर्षांत शिकवतात तरी काय? पहिल्या वर्षी सामुदायिक आरोग्य परिचर्या, आरोग्य संवर्धन, प्राथमिक आरोग्यसेवेतील परिचर्या आणि बालआरोग्य; दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन. यादी वाचताना ती शाळकरी वाटते. परंतु वॉर्डात उभे राहिले की या विषयांचा अर्थ उलगडू लागतो. पहिली विद्या हात धुण्याची: बोटांच्या पेरांमधून, नखांखालून, मनगटापर्यंत, साबणाने, आणि धुतल्यानंतर कोणत्याही अस्वच्छ वस्तूला न शिवता. दुसरी विद्या खाट सारखी करण्याची, कारण चादरीची एक चुणी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीला व्रण पाडू शकते. मग नाडी, श्वास, ताप, रक्तदाब. आणि हे आकडे नुसते लिहून ठेवण्यासाठी नसतात, तर कालच्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी असतात, ही जाणीव. मग सुई. बीसीजीची लस डाव्या दंडावर त्वचेच्या अगदी वरच्या थरात द्यायची असते, आणि ती नीट दिली गेली तर तेथे एक लहानसा फुगीर उंचवटा उठतो. सुई किंचित खोल गेली तर तो उठत नाही. नवजात बाळाची त्वचा इतकी पातळ की हे कौशल्य हाताला वारंवार केल्यावाचून येतच नाही, पुस्तकातून तर मुळीच नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे, मे महिन्यात गोंदियाचा पारा कितीही चढला तरी; म्हणून शीतपेटीतील बर्फाच्या पिशव्या किती थंड असाव्यात, कुपी कधी उघडावी, उघडल्यावर किती वेळ वापरावी, हे तिला निमूटपणे आणि काटेकोरपणे पाळावे लागते. गोठलेल्या लसीचे नुकसान वरून दिसत नाही. त्याची शहानिशा करायला तिच्यावाचून तेथे दुसरे कोणी नसते.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. आणि परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी आस्था आणि शुचिता हे चार गुण असावेत अशी अपेक्षा केली आहे. ही अपेक्षा आजही जशीच्या तशी लागू आहे. तिच्यात मी माझ्या अल्प मतीने एका गुणाची भर घालीन, आणि तो म्हणजे आपल्या अधिकाराची सीमा कोठे संपते ते नेमके ओळखण्याचा. गावातील आरोग्य उपकेंद्रावरील परिचारिकेची खरी कसोटी येथेच लागते.

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत, रोवणीचा हंगाम आहे, आणि आठव्या महिन्यातली एक बाई सकाळपासून चिखलात वाकून काम करून संध्याकाळी उपकेंद्रावर येते. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय सुजले आहेत. घरचे म्हणतात, थकली असेल. परिचारिका रक्तदाब घेते, तो एकशे चाळीसवर नव्वदच्या पुष्कळ वर आहे. लघवी तपासते, तिच्यात प्रथिने आहेत. येथपर्यंतचे ज्ञान पुस्तकी आहे. यापुढचे नव्हे. या बाईला केव्हाही झटके येऊ शकतात, आणि आले तर मॅग्नेशियम सल्फेटचे दहा ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल स्नायूत देऊन तिला तात्काळ वरच्या रुग्णालयात पाठविणे हे तिचे कर्तव्य आहे. एक कुपी एका ग्रॅमची. म्हणजे दहा कुप्या फोडायच्या, मोजायच्या, भरायच्या, आणि तेही समोर बाईचे शरीर आचके देत असता, सासू रडत असता, गाडीची वाट पाहत असता. ज्या मुलीने हे काम रुग्णालयातील प्रसूतिकक्षात ज्येष्ठ परिसेविकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पाहिले आहे, तिचे हात चालतात. जिने पाहिले नाही, तिचे हात थांबतात, आणि तेवढ्या अवधीत एक आई जाऊ शकते.

म्हणून या शिक्षणात रुग्णालय कोणते मिळते याला मी पहिले महत्त्व देतो. गोंदिया शहरातील बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, ज्याला येथे सर्वजण केटीएस म्हणतात, ही दोन नावे जिल्ह्यात ठाऊक नाहीत असे घर विरळा. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हाभरच्या, इतकेच नव्हे तर शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाटकडच्याही अडलेल्या बायका येथे येतात. प्रसूतिकक्षाचा हा गजबजाट विद्यार्थिनीला थकवून टाकतो, पण तिला जे शिकवतो ते कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. कळांचा आणि गर्भाशयाचे मुख उघडण्याचा आलेख, ज्याला पार्टोग्राफ म्हणतात, तो ती फळ्यावर दहा वेळा काढील. परंतु आलेखाची रेघ एका बाजूला झुकू लागली म्हणजे आता वाट पाहायची नाही, हे तिला समजते ते एखाद्या पहाटे, सिस्टरने तिच्याच आलेखावर बोट ठेवून शस्त्रक्रियागृहाला फोन लावला म्हणजे. बाळाचे ठोके मिनिटाला एकशे वीस ते एकशे साठ असावेत, हे पाठ करायला क्षण पुरतो. कळ ओसरल्यावर मंदावलेले ठोके पुन्हा किती वेळाने पूर्ववत होतात याकडे कान लावून बसण्याची सवय लागायला महिने लागतात. पुरेशा खाटा आणि पुरेशा प्रसूती ज्यांच्यापाशी नाहीत अशा संस्थांत नुसत्या वर्गाच्या भिंतींत, बाहुल्यांवर ही विद्या उरकली जाते; तेथे पालक कर्ज काढून जे शुल्क भरतात त्याच्या मोबदल्यात मुलीला एक कागद मिळतो, आणि पुढचे धडे ती रुग्णांच्या जिवावर गिरवते. तपासणी करणाऱ्यांनी येथे हयगय करू नये. इमारत आणि ग्रंथालय यांच्या आधी प्रसूतीचे रजिस्टर मागून पाहावे.

झाडीपट्टीत आणखी एक विद्या लागते, आणि ती म्हणजे भाषेची. एका घरी पोवारी बोलतात, दुसऱ्या घरी झाडीबोली, बाजारात हिंदी, देवरी-सालेकसाकडे गेले की गोंडी, आणि औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी. पोटात नेमके कसे दुखते, हे बाई आपल्या आईच्या भाषेतच सांगू शकते. लाजेने अर्धे गिळून टाकते ते तर त्या भाषा जाणणाऱ्या कानालाच ऐकू येते. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेली परिचारिका कितीही निष्णात असली तरी तिला हे कळायला वर्षे जातात, आणि तोवर तिची पुन्हा बदली होते. कामठ्याची मुलगी कामठ्याच्या पंचक्रोशीत सेविका म्हणून आली तर तिच्याजवळ ही भाषा आधीपासूनच असते. कोणत्या घरात सून माहेरी जाऊन बाळंत होणार, कोणत्या घरात पोरीचे लग्न घाईने उरकले, कोण मंडईच्या दिवसांत पाहुण्यांच्या गर्दीत लसीचा दिवस विसरणार, हे तिला कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय माहीत असते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडारी, म्हणजे लोकनाट्याचे खेळ, उभ्या राहतात, आणि त्याच आठवड्यात लसीकरणाचे सत्र असते. या दोहोंचा मेळ घालणे हे जिल्ह्याच्या कचेरीत बसून कोणाला साधणारे नाही.

सिकलसेलचा प्रश्न असाच. हा रक्तविकार भारतात प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत ओळखला गेला, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात तो विशेषकरून आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रोगग्रस्त असण्याचा संभव चारांत एक इतका असतो. हे गणित लग्न ठरविण्यापूर्वी समजावे, गरोदर बाईची विद्राव्यता चाचणी वेळेवर व्हावी, आणि तिचा अहवाल हाती आल्यावर घरात फूट न पडता पुढचा मार्ग निघावा, ही सारी कामे सेविकेची. मुलीच्या रक्तात दोष आहे एवढाच अर्थ काढून सोयरीक मोडणारी घरे असतात. मुलाचे रक्त तपासू न देणारी त्याहून अधिक असतात. तेथे समोर बसून, आवाज न चढवता, वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे पटवून देणे यालाच मी उच्च शिक्षण म्हणतो, मग तिच्या प्रमाणपत्रावर काहीही लिहिलेले असो.

अमेरिकेत परिचर्येच्या अशा अल्पमुदतीच्या शिक्षणाला दीर्घ परंपरा आहे. न्यूयॉर्क येथे १८९२ साली व्यावहारिक परिचर्येचा तीन महिन्यांचा पहिला वर्ग निघाला. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय स्थापन झाले, आणि पुढे अशीच स्थानिक, अल्पखर्चाची सामुदायिक महाविद्यालये सर्वत्र पसरली. त्यांत सुमारे एका वर्षात व्यावहारिक परिचर्येचे शिक्षण घेऊन, राष्ट्रीय परवाना परीक्षा देऊन काम सुरू करता येते. विद्यार्थिनींत वीस वर्षांची मुलगी असते, तशी तीन लेकरांची आईही असते, दिवसा एखाद्या वृद्धाश्रमात काम करून संध्याकाळी वर्गाला येणारी. मला त्या व्यवस्थेतील एकच गोष्ट येथे मोलाची वाटते. व्यावहारिक परिचारिकेला काही वर्षांनी नोंदणीकृत परिचारिका व्हायचे असेल तर तिचे पूर्वीचे शिक्षण जमेस धरून मधला सेतू घालून देणारे अभ्यासक्रम त्याच महाविद्यालयांत असतात. तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागत नाही.

आपल्याकडे एएनएमला जीएनएममध्ये प्रवेश घेता येतो, हे खरे. परंतु तेथे ती बारावी उत्तीर्ण झालेल्या नवख्या मुलीच्या शेजारी बसते, आणि हात धुण्यापासून पुन्हा आरंभ करून पूर्ण तीन वर्षे शिकते. जिने दहा वर्षे उपकेंद्र सांभाळले, शेकडो लसीकरण सत्रे पार पाडली, पुराच्या पाण्यातून बाळंतिणीला गाडीपर्यंत नेले, तिच्या त्या अनुभवाचा एक दिवसही या हिशेबात धरला जात नाही. नोकरी सोडून तीन वर्षे विनावेतन राहणे घरच्या मोठ्या सुनेला, दोन मुलांच्या आईला शक्य नसते, आणि म्हणून बहुतेक सेविका ज्या पदावर लागतात त्याच्या फार वर न जाता निवृत्त होतात. अलीकडे उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनीचे आणि पुढे आयुष्मान आरोग्य मंदिराचे रूप देऊन तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. हे अधिकारी बहुधा आयुर्वेदाचे किंवा परिचर्येचे पदवीधर. सहा महिन्यांच्या विशेष अभ्यासक्रमानंतर ते येतात, आणि गावाची सगळी नस जाणणाऱ्या सेविकेला त्यांच्या हाताखाली काम करावे लागते. त्या तरुण अधिकाऱ्यांविषयी मला तक्रार नाही. त्यांच्यामुळे मधुमेह आणि रक्तदाबाच्या रोग्यांची गावातच सोय होऊ लागली. परंतु त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याची एक वाट सेविकेसाठी का मोकळी ठेवली गेली नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे सापडले नाही. त्यातच राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पुष्कळशा सेविका कंत्राटी आहेत. वर्षागणिक करार, स्थायी सेविकेइतकेच काम, आणि वेतनात मोठी तफावत. करोनाच्या दोन वर्षांत गावच्या वेशीवर उभे राहून तपासणी करणाऱ्यांत, घरोघर फिरणाऱ्यांत, आणि पुढे लसीच्या रांगा सांभाळणाऱ्यांत याच कंत्राटी बायका पुढे होत्या.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणे गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख बावीस हजारांवर आहे. मैदानी भागात पाच हजारांमागे आणि आदिवासी किंवा दुर्गम भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा शासनाचा शिरस्ता आहे, आणि प्रत्येक उपकेंद्रावर किमान एक सेविका असावयास हवी. या जिल्ह्यापुरता विचार केला तर काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत, असे माझे मत आहे. एएनएमच्या सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा मोठा भाग शहरातल्या वॉर्डांत न घालवता ज्या तालुक्यात मुलीला पुढे काम करायचे आहे तेथील उपकेंद्रांवर, अनुभवी सेविकेच्या हाताखाली घालवला जावा, आणि त्या अनुभवी सेविकेला शिक्षक म्हणून वेगळे मानधन मिळावे. आज ती हे काम फुकट करते. वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच असल्याने, दहा वर्षे सेवा झालेल्या सेविकांसाठी पगारी रजेसह जीएनएमच्या काही जागा राखून ठेवता येतील, आणि त्यांचा पहिल्या वर्षाचा बराचसा भाग माफ करण्याचा प्रस्ताव परिचर्या परिषदेकडे नेता येईल. सिकलसेलविषयी समुपदेशन आणि गोंडी-पोवारीतील संवाद हे दोन विषय स्थानिक अभ्यासक्रमात असावेत, आणि ते शिकवायला डॉक्टरच हवा असे नाही, देवरीकडची एखादी निवृत्त सेविका ते अधिक चांगले शिकवील.

आणि उपकेंद्राच्या आवारातील सेविकेचे निवासस्थान. मुलगी गावात राहत नाही, रोज गोंदियाहून ये-जा करते, अशी तक्रार ग्रामसभेत ऐकू येते. ती करणाऱ्यांनी आधी ते निवासस्थान आतून पाहावे. नळाला पाणी येते काय, रात्री वीज गेली तर दुसरा दिवा आहे काय, संडासाला छप्पर आहे काय, आणि पुढच्या दाराला आतून लागणारी भक्कम कडी आहे काय, एवढे चार प्रश्न ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासून त्यांची उत्तरे ठरावात नोंदवावीत. तेवीस-चोवीस वर्षांची एकटी मुलगी त्या खोलीत रात्र काढणार असते, आणि मध्यरात्री अनोळखी माणसाने दार ठोठावले तर ते उघडणे हे तिच्या कामाचाच भाग असते.